पोच दिल्याशिवाय

२ फेब्रुवारी १९५३, सोमवार. पनवेल

आलो एकदाचा. वाईहून पुणं, पुण्याहून घाट उतरून इथं, सगळा दिवस गेला. शेजारच्या बाईंची कोंबडी खंडाळ्यापासून माझ्या मांडीवर होती, तरी मी खूश आहे. ही बदली मी मागून घेतली आहे. तारमास्तराला सगळी गावं सारखीच; पण पनवेलहून मुंबईचं रेडिओ केंद्र अगदी उशाशी. माझ्या घरी बनवलेल्या रेडिओ सेटला याहून चांगलं गाव मिळायचं नाही.

जागा छान मिळाली. मोहल्ल्याच्या टोकाला खलीलभाईंचं कौलारू घर आहे, त्याची मागची खोली. पुढे त्यांचं सुंभ-दोरखंडाचं दुकान. खोलीमागे पडवी, पडवीपुढे एक चिंच, आणि पलीकडे थेट खाडीपर्यंत मिठागरं. दार जुनं सागवानी, आतली कडी तेवढी नवी, मागाहून बसवलेली. खलीलभाईंची लेक फहमिदा मुरूडहून माहेरपणाला आलीय. तिने आल्या आल्या सांदणं पाठवली, नारळाच्या दुधासकट. मी सहा खाल्ली.

शकूला पत्र टाकलं. तिला आठवा लागलाय, बाळंतपण वाईलाच व्हायचं. निघताना तिने बजावलं होतं की ऑफिसात काय बडवायचं ते बडवा, नव्या घरी ताटं वाजवू नका. माझी खोड तिला पाठ आहे. आमच्या कामात तार उतरवून घेतली की घेणाऱ्याने पोच द्यायची असते: एक आखूड ठोका, एक लांब, एक आखूड. ती मिळेपर्यंत पाठवणाऱ्याच्या लेखी तार पोचलेलीच नसते. तो तीच ती परत पाठवत बसतो. अकरा वर्षांत हे बोटात इतकं भिनलंय की शकूने मीठ आणा म्हटलं तरी माझं बोट पाटावर वाजतं. म्हणजे ऐकलं, पोचलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं ती म्हणते आणि हसते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिस बरं आहे. कामाची वेळ मोडून दिलेली. एक ते चार मोकळा. तारा वाटायला बुधाजी आहे, मिठागराकडच्या गावचा. वीस वर्षं टेबलाशेजारच्या बाकावर बसून त्याचे कान तयार झालेत. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण ठोके ऐकून सांगतो की यो पुण्याचा मास्तर हाय, यो अलिबागचा. तारेवरचा हात सहीसारखा असतो, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

आज त्याने एक तार परत आणली. त्या नावाचा माणूस गाव सोडून गेला म्हणे. मी म्हटलं, भावाकडे ठेवायची. तर मलाच नियम सांगितला: तार ज्याची त्याच्या हातात, नाहीतर परत. खरं आहे त्याचं. मग पाठवणाऱ्या ऑफिसला कळवलं, पत्त्यावर माणूस नाही. की तार त्यांची त्यांच्याकडे गेली, आमची जबाबदारी संपली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज एरियल उभी राहिली. सकाळपासून हात शिवशिवत होते. तांब्याची तार विकत आणायचीही वेळ आली नाही. माळ्यावर एक मोठं वेटोळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं सापडलं. खलीलभाई म्हणाले, तुमच्या आधी कमळाकर मास्तर इथं राहायचे, त्यांनाही हाच शौक होता, त्यांची असणार, खुशाल घ्या. मास्तर कुठं गेले असं विचारलं तर ते गिऱ्हाइकाकडे वळले.

एक टोक चिंचेच्या शेंड्याला, दुसरं पडवीच्या कोपऱ्यात रोवलेल्या वीस हाती बांबूला. तार लाकडाला टेकली की आवाज मुरतो, म्हणून दोन्हीकडे सोड्याच्या फुटक्या बाटल्यांचे गळे दोरीत ओवून मध्ये घातले. चिंचेच्या बाजूने एक फाटा खिडकीतून आत टेबलावर घेतला. दुसरी तार जमिनीत जायला हवी आणि ती जमीन ओली हवी. इथं काय, मिठागराचा बांध दहा पावलांवर. तांब्याचा पत्रा खाऱ्या चिखलात हातभर खोल पुरला. मधे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक स्फटिकाचा खडा, त्याला टोचणारी बारीक सुई, आणि चोरबाजारातले लष्करी हेडफोन. झाला रेडिओ. याला वीज नको, बॅटरी नको. फहमिदा पडवीत येऊन बघत होती. कपडे वाळत घालायला एवढी उंच दोरी कशाला, असं तिने मला विचारलं आणि स्वतःच खूप हसली.

सुई जागेवर बसली आणि मुंबई अशी आली की निवेदकाचा श्वास ऐकू यावा. फहमिदालाही ऐकवलं. तिने डोक्यावरची ओढणी सावरून मगच हेडफोन लावले, जणू समोर कोणी पाहुणा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रेडिओची दुपारची सभा संपून केंद्र बंद झालं, तरी मी हेडफोन काढले नव्हते. शांततेत ठोके सुरू झाले. साधी तार, आपल्या ऑफिसातल्यासारखी. ठाण्याहून, दाजी म्हात्रे मिठागरवाले यांना: काका वारले, लगेच निघा. तार संपली आणि माझं बोट टेबलावर वाजून मोकळं झालं. कट, कडा, कट. स्वतःचंच हसू आलं.

हे कसं झालं याचा विचार केला. रस्त्याच्या तारा माझ्या एरियलला समांतर जातात. त्यांच्यातलं काही माझ्या तारेत उतरत असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

दाजी म्हात्र्यांची तार आज सकाळी ऑफिसात आली. शब्दन् शब्द तीच. ठाण्याला ती आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दिलेली आहे. मी ती काल दुपारी ऐकली.

माझीच तारखेची चूक असेल. डायरी उघडून पाहिली, चूक नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फहमिदा परवा मुरूडला गेली. जाताना मला सांगून गेली की पुढच्या खेपेला भाभींना घेऊन या, त्यांना सांदणं शिकवते.

दोन दिवस हेडफोन लावले नव्हते. आज लावले. केंद्र बंद झालं आणि पाच मिनिटांत तो पाठवणारा आला. हात आता ओळखीचा वाटतो: शेवटच्या अक्षराआधी जरासा अडखळतो आणि मग टाकतो. मी सवयीने पेन्सिल घेतली. मुरूडहून, खलील यांना. मजकूर चारच शब्दांचा. हात आपोआप लिहीत असतो, अर्थ मागून येतो. अर्थ आला तेव्हा माझं बोट वाजून गेलं होतं.

मी कोणाला काहीच सांगितलं नाही. काय सांगू?

१५ फेब्रुवारी, रविवार

तार आली. फहमिदा आज पहाटे गेली. मागून आलेला मुरूडचा माणूस म्हणाला, काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, विहिरीवरून पाणी आणलं, जेवली.

काल संध्याकाळपर्यंत. म्हणजे मी ठोके ऐकले तेव्हा ती जिवंत होती, आणि मी पोच दिली तेव्हाही.

रविवार, म्हणून तार मीच घेतली आणि खलीलभाईंना मीच वाचून दाखवली. त्यांनी कागद उलटा धरला होता. मला म्हणाले की मास्तर, तुमचा काय गुन्हा, तुम्ही फक्त खबर दिलीत. मला रडू आवरेना. ते माझीच समजूत घालत बसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण न ऐकणं जास्त वाईट आहे. सबंध दुपार मान ताठ होऊन बसते. आज पुन्हा लावले. मुंबईहून, कोळीवाड्यातल्या हौसाबाईला: रामू गोदीत अपघातात गेला. हौसाबाई रोज आमच्या दारावरून पाटी घेऊन जाते, रामू तिचा एकुलता एक.

शेवटचा ठोका पडायच्या आत मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. बोट आत वळवळत होतं. तो थांबला. मग तीच तार पहिल्यापासून. पुन्हा थांबला. पुन्हा तीच. पावणेचारला मी हेडफोन काढून ऑफिसात गेलो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस तो तीच एक तार पाठवतोय. मी एकदाही पोच दिली नाही. ऑफिसात ती तार आलेली नाही.

आज सकाळी रामू स्वतः एस.टी.तून उतरला. गेल्या गुरुवारी गोदीत माल उचलणाऱ्या यारीची साखळी तुटली, गासडी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली, म्हणून घाबरून घरी आलाय. हौसाबाईने मला बोंबील दिले. मी हातात घेऊन उभाच राहिलो. तिला वाटलं, मास्तर खात नाहीत.

म्हणजे सगळं पोचेवर आहे. दाजींचे काका, फहमिदा. मी ऐकलं म्हणून नाही, मी पोच दिली म्हणून.

दुपारी खिडकीतली तार कापली. चिंचेवर चढून एरियल सोडवली, वेटोळं करून माळ्यावर टाकलं. आता मोकळा झालो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मोकळा नाही. दुपारी जेवताना ठोके आले, कपडे वाळत घालायच्या तारेतून. हेडफोन पेटीत होते.

साताऱ्याकडची तार. वाईहून. दयाराम कर्णिक, पनवेल. मला. पाठवणारे माझे सासरे.

शकू. शकू आणि मूल, दोघंही.

मी ताटावर पालथा पडलो आणि हात अंगाखाली घेतले. तसाच तासभर होतो. तो पाठवत राहिला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वाईला तार करून विचारलं. उत्तर आलं, शकू बरी आहे, पाय थोडे सुजलेत. बरी आहे. मी बोट आवरीन तोवर बरी राहील.

बुधाजीला ऑफिसात मी त्या हाताची नक्कल पेन्सिलीने वाजवून दाखवली, शेवटच्या अक्षराआधीच्या अडखळण्यासकट. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला की आमी वीस वर्षं ऐकतोय, असा लंगडा हात एकच हाय, कमळाकर मास्तरांचा. पण ते आता नाय.

संध्याकाळी खलीलभाईंना धरून बसवलं. पाच वर्षांपूर्वी कमळाकर मास्तरांची बायको मालूताई अलिबागला इस्पितळात होती, विषमज्वराने. डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तर इथं नोकरीवर, रजा मिळेना. एके दुपारी ते दिसेनात. दाराला आतून कडी. ती तोडून आत गेले तर ताट वाढलेलं, चपला जागेवर, माणूस नाही. नवी कडी त्यानंतरची. आणि मालूताई? तिसऱ्या दिवशी तापातून उठली, म्हणाले. अजून दर साली त्या तारखेला येते, पायरीवर घटकाभर बसते, पाणी पिऊन जाते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही. उजवा हात ओल्या पंच्याने खाटेला बांधून पडतो. काल जाग आली तर डावं बोट खाटेच्या काठाशी गेलं होतं. डावंसुद्धा शिकलं.

ठोके आता पाण्याच्या हंड्याच्या झाकणातून. खिडकीच्या गजातून. नेहमी दुपारी, केंद्र बंद झाल्यावर. त्याला घाई नाही. नियमाने वागतो.

ऑफिसात पोच द्यावीच लागते. दिवसाला पन्नास वेळा देतो आणि प्रत्येक वेळी घाम फुटतो की ही कोणाची.

२ मार्च, सोमवार

रजा मिळाली. वाईला जायचं, शकूच्या जवळ बसायचं. स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बाकावर बसलो. दुपारचे दोन. समोर तारेचा खांब, त्यातून तीच तार —

मी शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत होतो. त्याने विचारलं, वाईला कोण असतं. मी म्हटलं, बायको. आणि बोट बाकावर —

कट. कडा.

तिसरा ठोका पडायच्या आत मी बोट दातात धरलं. हाडापर्यंत चावलंय. म्हातारा उठून लांब जाऊन बसला.

दोन ठोके गेले. तीनपैकी दोन.

३ मार्च, मंगळवार

गेलो नाही. वाटभर खांब आहेत, वाईपर्यंत.

सकाळी खरी तार. सासऱ्यांची. शकूला काल दुपारी दोनला झटके आले. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, दोघांतलं कोणी वाचेल असं सांगवत नाही.

काल दुपारी दोनला.

एक ठोका राहिलाय. एक आखूड. तो कुठंही पडेल, झोपेत पडेल, चूळ भरताना तांब्यावर नख लागलं तरी पडेल. बोट कापून टाकलं तर दुसरी नऊ आहेत. टाच आहे. दात आहेत. किती दिवस आवरणार मी? जित्याची खोड —

मेल्याशिवाय.

४ मार्च, बुधवार

मूर्खासारखा दोन आठवडे विचार करतोय की पोच द्यायची की नाही. तिसरा मार्ग मी रोज ऑफिसात वापरतो. बुधाजीने पहिल्या आठवड्यातच मला तो सुनावला होता. कमळाकर मास्तरांना कळला होता. मालूताई उठली.

पत्त्यावर माणूस नाही. तार परत.

मला मरायची भीती वाटते. हे लिहून ठेवतो. मी शूर नाही. मला मूल बघायचं होतं.

एरियल पुन्हा बांधली. कुठं लाकडाला न टेकवता, नीट. बाटल्यांचे दोन्ही गळे तपासले. खलीलभाई खालून बघत होते. मग ते बांबू धरून उभे राहिले. फहमिदाचं सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगितलं. त्यांनी बांबूच्या बुडाशी पायाने माती दाबली. मग म्हणाले की मास्तर, ती हेडफोन लावून फार खूश झाली होती.

५ मार्च, गुरुवार. दुपार

कडी लावली. भात वाढून घेतलाय, जाईल असं वाटत नाही.

अडीचला आला. तार पुरी ऐकली. मग टेबलावर बोटाने, सावकाश, एकही अक्षर न चुकवता कळवलं. दयाराम कर्णिक, पनवेल. पत्त्यावर माणूस नाही. तार परत घ्यावी.

तो थांबला. बराच वेळ.

मग त्याने पोच दिली. लंगडा नव्हता या वेळी. सरळ, हलका हात. ओझं उतरवून ठेवल्यासारखा. त्यानंतर काही नाही. तारेत वारासुद्धा नाही —

मी आहे. लिहितो आहे. हात दिसतोय. भात गरम आहे, वाफ दिसते, हाताला लागत नाही.

सव्वातीन

दार वाजतंय. बुधाजी. तार म्हणतोय. मी ओ दिली. पुन्हा वाजवलं. मी ओरडलो, आहे, आहे मी — खिडकीशी आला, गजाला नाक लावून आत बघतोय, माझ्याकडे, माझ्यातून, मागच्या भिंतीकडे. खलीलभाईंना हाक मारली. मास्तर नाय, म्हणाला.

त्याच्या हातात लिफाफा. कोणता, कोणता — बुधाजी, हात खाली घे जरा —

रंगीत. फुलांचा. शुभेच्छांचा लिफाफा. वाईट बातमी त्यात कोणी घालत नाही. शकू —

तो देणार नाही. ज्याची त्याच्या हातात, नाहीतर परत. पाठ फिरवली त्याने. खलीलभाई कडीशी झटतायत. शकू, कळलं मला. मुलगा की मुलगी ते — राहू दे. तुला कळवतो, आपल्या खुणेने, इथंच टेबलावर. पोचलं. ऐक —

कट. कडा.